विमानात न बसता विमानाचे पॉइंट: अमळनेरच्या दुकानातला हिशेब

अमळनेरहून परदेशी जायचं म्हणजे आधी रेल्वे, मग मुंबई, मग विमान. जळगावच्या विमानतळावरून २०२४ मध्ये फ्लाय ९१ ने गोवा आणि हैदराबादला, अलायन्स एअरने मुंबईला सेवा सुरू केली, त्याचा आनंद आहेच. पण आपल्याकडचा माणूस वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळी विमानात बसणार. उडून पॉइंट, म्हणजे पुढे तिकिटासाठी वापरता येणारे विमान कंपनीचे गुण, जमवणं हे महिन्यातून चार वेळा दिल्ली-बेंगळुरू करणाऱ्यांना जमतं. आपल्याला ते जमिनीवरूनच मिळवावे लागतात: किराणा, विमा, पोरांची फी, लग्नाचा बस्ता, घराच्या फरश्या ह्यांच्या बिलांतून.

माझी मोठी मुलगी जर्मनीत नोकरीला आहे. तिच्याकडे जायचं-यायचं तिकीट पॉइंटांवर काढायचं असं ठरवून मी ह्या विषयात शिरले. आमचं कृषी केंद्र आहे आणि वही माझ्याकडे असते, त्यामुळे हिशेबाची सवय होतीच. आता गल्लीतल्या बायका, दुकानावर येणारे शेतकरी, नणंदेची मुलं, सगळेच विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे नीट लिहिते.

पॉइंट येतात कुठून

हे आधी समजून घ्या, पुढचं निम्मं आपोआप कळतं. दुकानावरच्या एका आप्पांनी मला विचारलं होतं, "वहिनी, हाई फुकट कसं काय शे?" प्रश्न अगदी बरोबर होता. फुकट काहीच नसतं.

आमच्या दुकानात कार्डाचं मशीन आहे, म्हणून हा व्यवहार मला दोन्ही बाजूंनी दिसतो. गिऱ्हाइकाने हजार रुपयांना क्रेडिट कार्ड घासलं की आमच्या खात्यात हजार येत नाहीत. साधारण दीड-दोन टक्के कापून बाकीचे येतात. ह्या कपातीला एमडीआर म्हणतात. तिचा मोठा हिस्सा ज्या बँकेचं कार्ड असेल त्या बँकेला मिळतो. त्यातल्या काही पैशांच्या जोरावर बँक कार्डवाल्याच्या खात्यात आपले पॉइंट टाकते, आणि ते विमान कंपनीकडे वळवले की त्या कंपनीकडून तिचे पॉइंट विकत घेते. म्हणजे तुमच्या पॉइंटांचे पैसे दुकानदाराने भरलेले असतात.

ह्यावरून एक नियम निघतो आणि तो मी कधी मोडत नाही. जिथे दुकानदाराकडून बँकेला पैसे मिळतात तिथे पॉइंट मिळतात. जिथे दुकानदार ते शुल्क तुमच्याकडूनच वरून घेतो तिथे तुम्ही पॉइंट विकत घेत असता. विकत घ्यायलाही हरकत नाही, पण मग भाव बघून घ्या.

डेबिट कार्डावर आणि साध्या यूपीआयवर पॉइंट का नाहीत, तेही इथेच कळतं. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर एमडीआर शून्य आहे. बँकेला काही मिळतच नाही, तर ती देणार कुठून? पेट्रोल पंपावर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत, फार तर १ टक्का अधिभार माफ करतात, त्याचंही कारण हेच: तिथे मार्जिन बारीक.

आमच्याच धंद्यातलं उदाहरण देते. डीएपी खताची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना. तिच्यावर कुणी कार्ड घासलं आणि दोन टक्के कापले गेले, तर २७ रुपये गेले. खताच्या गोणीमागे दुकानदाराला सुटतं किती, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे खताला कुठलंही कृषी केंद्र आनंदाने कार्ड घेणार नाही. घासूनच घ्या असा हट्ट धरलात तर दुकानदार दोन टक्के वर मागेल. खत रोखीने किंवा साध्या यूपीआयने घ्या आणि कार्ड दुसरीकडे वापरा.

एका पॉइंटाची किंमत काढायला शिका

कुठलाही पॉइंट घेण्याआधी तो किती पैशांचा आहे ते काढता आलं पाहिजे. रीत सोपी आहे. जे तिकीट हवं आहे त्याचा रोखीचा भाव बघा. तेच तिकीट पॉइंटांवर किती पॉइंटांना आणि वर किती कर-अधिभाराला पडतं ते बघा. रोखीच्या भावातून कर वजा करा आणि उरलेल्याला पॉइंटांनी भागा.

समजा मुंबई-फ्रँकफर्ट जाऊन-येऊन रोखीने ६२,००० रुपयांना आहे, आणि पॉइंटांवर ५०,००० पॉइंट अधिक २०,००० रुपये कर. तर ६२,००० वजा २०,००० म्हणजे ४२,०००, भागिले ५०,०००. एक पॉइंट ८४ पैशांचा. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत. तुमचे आकडे तुमच्या तारखेला वेगळे निघतील, पण गणित हेच राहील. पॉइंटांच्या तिकिटालाही कर रोख भरावे लागतात, आणि युरोपच्या काही कंपन्यांचा इंधन अधिभार चांगलाच जड असतो. ह्या वरच्या पैशांकडे दुर्लक्ष करून "फुकट तिकीट" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता हा ८४ पैशांचा भाव हातात धरून बाजारात चला. जळगावच्या सराफात दोन लाखांचं सोनं घेताय, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त आहे. दुकानदार म्हणाला, कार्डाने देत असाल तर दोन टक्के वर. म्हणजे ४,००० रुपये. तुमचं कार्ड शंभरला २ पॉइंट देत असेल तर पॉइंट मिळाले ४,०००. एक पॉइंट एका रुपयाला पडला आणि त्याची किंमत ८४ पैसे. ६४० रुपयांचा तोटा, शिवाय काही कार्डं दागिन्यांवर पॉइंट देतच नाहीत. मात्र तोच दुकानदार वर काही न घेता कार्ड स्वीकारत असेल तर जरूर घासा. भाव ठरवताना, बिल करण्याआधी विचारा. बिल झाल्यावर विचारलं तर दोघांनाही अवघड होतं.

कार्डाच्या वार्षिक फीलाही हेच गणित लावा. ५,००० रुपये फी, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. ८४ पैशांच्या हिशेबाने ७,००० पेक्षा थोडे जास्त पॉइंट मिळाले तरच फी वसूल. शंभरला २ पॉइंटांच्या कार्डावर त्यासाठी साडेतीन लाख रुपये खर्च व्हायला हवा. कार्ड घेताना मिळणारे स्वागताचे पॉइंट ही फी भरून काढतात का, हे पहिल्या वर्षी बघा. दुसऱ्या वर्षापासून ते नसतात, तेव्हा पुन्हा गणित मांडा.

कुणी ह्या वाटेला जाऊ नये

हे मी सगळ्यांना आधी सांगते, त्यातले काही नाराज होतात. ज्या घरात महिन्याला १५,००० रुपयेच कार्डावर जाऊ शकतात, तिथे वर्षाचे झाले १,८०,०००. शंभरला २ पॉइंट धरले तरी वर्षाला ३,६००. पन्नास हजार पॉइंटांच्या तिकिटाला तेरा-चौदा वर्षं लागतील. अशा घराने सरळ रोख परतावा देणारं, बिनफीचं कार्ड घ्यावं आणि आलेले पैसे बाजूला टाकावेत. त्यात कमीपणा काही नाही.

पॉइंट जमतात ते ज्या घरात एखादा मोठा खर्च तोंडावर आहे तिथे. घर बांधायला काढलंय, मुलीचं लग्न ठरलंय, पोराची इंजिनिअरिंगची फी आहे, दोन-तीन विम्यांचे हप्ते आहेत. अशा वेळी कार्ड दोन-तीन महिने आधी हातात असलं पाहिजे. स्वागताच्या पॉइंटांसाठी बँक "अमुक दिवसांत अमुक खर्च" अशी अट घालते, ती अट एकट्या फरश्या-नळ-वायरिंगच्या बिलांत पूर्ण होऊन जाते. माझ्या जावेने घराचं काम काढलं तेव्हा मी तिला पहिल्यांदा हेच सांगितलं: वाळू-खडी-मजुरी रोखीनेच जाणार, ती सोड, टाइल्स, सॅनिटरी, पंखे, दिवे, फर्निचर ह्यांची यादी वेगळी कर आणि त्या प्रत्येक दुकानात कार्ड वर काही न घेता चालतं का विचार. अर्धी दुकानं हो म्हणाली. तेवढं पुरे असतं.

आणि शेतकऱ्यांना हात जोडून एक सांगणं. कपाशीचा पैसा दिवाळीनंतर येतो आणि कार्डाचं बिल पंचेचाळीस-पन्नास दिवसांत येतं. हे दोन हंगाम जुळत नाहीत. पीक निघाल्यावर भरू, ह्या भरवशावर जूनमध्ये बियाणं-औषधं कार्डावर घेतली की सप्टेंबरात व्याज सुरू असतं, तेही महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४० च्या घरात. ज्या माणसाला किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंत वेळेत फेडल्यास ४ टक्क्यांनी, आणि राज्याच्या सवलतीमुळे बिनव्याजी पीककर्ज मिळू शकतं, त्याने ४० टक्क्यांच्या वाटेला का जावं? त्या व्याजापुढे जगातले सगळे पॉइंट कमी पडतील. "किमान रक्कम भरा" असं बिलावर लिहिलेलं असतं, तेवढीच भरली तर उरलेल्या रकमेवर व्याज लागतं आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून लागतं. पूर्ण बिल खात्यातून आपोआप कापलं जाईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून टाका. ज्या महिन्यात पूर्ण बिल भरता येणार नाही असं वाटेल, त्या महिन्यात कार्ड कपाटात.

कार्ड मिळतं कसं

आपल्याकडची खरी अडचण इथे आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून बरेच जण रिटर्न भरत नाहीत. रिटर्न नाही म्हणून बँकेला दाखवायला कागद नाही. कागद नाही म्हणून कार्ड नाही. पंचवीस एकर केळी असलेल्या माणसाला कार्ड नाकारतात आणि त्याच्याच पुण्यातल्या नोकरदार पोराला फोन करून देतात.

ह्यावर वाट आहे, पण तिला वर्षभर तरी लागतं. शेतीचं उत्पन्न दाखवून रिटर्न भरायला सुरुवात करा. कर लागत नसला तरी कागद तयार होतो. दुसरं, बँकेत मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या. गृहिणींनाही हे मिळतं. ह्या कार्डांचे पॉइंट सहसा विमान कंपनीकडे वळवता येत नाहीत, पण वर्षभर वेळेत बिल भरलं की सिबिल, म्हणजे वेळेत फेडल्याची नोंद, तयार होतं आणि मग चांगल्या कार्डाचा अर्ज टिकतो. ठेवीवर व्याज मिळत राहतं, त्यामुळे नुकसान काही नाही. काही भारी कार्डं ठराविक शहरांच्या पिनकोडलाच देतात. त्यासाठी भाच्याचा पुण्याचा पत्ता आपला म्हणून लावू नका. पडताळणीला माणूस घरी येतो.

नवरा-बायकोने दोन वेगळी कार्डं घेण्याआधी एका कार्डाचं ॲड-ऑन, म्हणजे त्याच खात्यावरचं दुसरं कार्ड, घ्या. दोघांचा खर्च एका खात्यात, पॉइंट एका ठिकाणी. फक्त बिलाची सगळी जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते. परदेशात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांना मात्र आपलं ॲड-ऑन पाठवू नका. परदेशी चलनातल्या खर्चावर बऱ्याच कार्डांना साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो. माझ्या मुलीने मागितलं तेव्हा मी तिला नाही म्हटलं आणि हाच हिशेब पाठवला.

रोजच्या खर्चातून

रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. म्हणजे वाणी, मेडिकल, भाजीचा ठेला, जिथे क्यूआर आहे तिथे पैसे क्रेडिट कार्डातून जाऊ शकतात. व्हिसा-मास्टरकार्डला ही सोय नाही. क्यूआर धंद्याचा हवा, एखाद्या माणसाच्या खाजगी नंबरावर चालत नाही. छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर काही कापलं जात नाही, त्यामुळे तो तक्रार करत नाही, पण त्यामुळेच बऱ्याच बँका यूपीआयवरचे पॉइंट कमी देतात किंवा महिन्याची मर्यादा लावतात. आपल्या कार्डाची मर्यादा माहीत करून घ्या, ती ओलांडली की साध्या यूपीआयवर या.

विम्याचे हप्ते मला सगळ्यांत आवडतात, कारण ते भरायचेच असतात आणि रक्कम मोठी असते. एलआयसीने डिसेंबर २०१९ पासून क्रेडिट कार्डाने हप्ता भरण्यावरचं शुल्क काढून टाकलं. कार्डं विम्यावर महिन्याची किंवा दिवसाची मर्यादा लावतात, म्हणून दोन मोठे हप्ते एकाच दिवशी भरू नका, बिलाच्या दोन महिन्यांत विभागा. वीजबिलाचं उलटं आहे. महावितरणला ऑनलाइन भरलं तर लघुदाब ग्राहकाला ०.२५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सवलत आहे, पण क्रेडिट कार्डाला शुल्क लागतं. वीजबिल साध्या यूपीआयने भरा आणि विसरा. घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे टाकणं, सरकारी भरणा: बहुतेक कार्डांवर इथे पॉइंट नाहीत किंवा नावापुरते. कॉलेजची फी कॉलेजच्याच पोर्टलवर भरा. मधल्या ॲपमधून भरली तर ॲप शुल्क घेतं आणि बँक पॉइंट नाकारते, दोन्हीकडून मार.

मोठी वाढ मिळते ती व्हाउचरमधून. बँकांची स्वतःची खरेदीची पोर्टलं असतात. तिथून मोठ्या दुकानांची, ऑनलाइन बाजारांची गिफ्ट व्हाउचर घेतली तर नेहमीच्या कितीतरी पट पॉइंट मिळतात. म्हणजे फ्रिज घ्यायचाच आहे, तर कार्ड थेट दुकानात घासण्याऐवजी आधी त्या दुकानाचं व्हाउचर बँकेच्या पोर्टलवरून घ्या, मग व्हाउचरने फ्रिज घ्या. मी असं करताना तीन गोष्टी बघते: व्हाउचरची मुदत, ते जळगावच्या शाखेत चालतं की फक्त ऑनलाइन, आणि एका बिलाला किती व्हाउचर चालतात. पुढे कधीतरी लागेल म्हणून व्हाउचर घेऊन ठेवू नका. मुदत संपलेलं व्हाउचर घेऊन काउंटरवर वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत.

हॉटेलातही पॉइंट मिळतात. मॅरियटचे ३ पॉइंट विमानाच्या १ माइलला (काही विमान कंपन्या पॉइंटाला माइल म्हणतात) जातात, आणि ६०,००० एकदम वळवले तर बहुतेक कंपन्यांकडे ५,००० माइल वर मिळतात. आपल्याकडून पुण्या-मुंबईला लग्नाला गेलं की नातेवाइकांकडेच उतरतात, त्यामुळे ह्यात फार अडकू नका. एखाद्या वेळी हॉटेल घ्यावंच लागलं तर विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून तिच्या भागीदार पोर्टलवर जाऊन घ्या. भाव दुसरीकडच्यापेक्षा जास्त नाही एवढं बघा.

दुकानदार भावंडांसाठी दोन शब्द. कंपन्यांना आपण आरटीजीएसने पैसे देतो, तिथे कार्डाचा संबंध नाही. पण मालाचा विमा, संगणक, हिशेबाचं सॉफ्टवेअर, दुकानाचं फर्निचर कार्डावर जाऊ शकतं. त्यासाठी धंद्याचं कार्ड घ्या. कित्येक वैयक्तिक कार्डांच्या अटींत धंद्याच्या खर्चाला मनाई असते. आणि आपल्याच मशीनवर आपलंच कार्ड घासून पैसे फिरवण्याचा प्रकार काही जण करतात, तो कृपा करून करू नका. तो नियमाबाहेरचा आहे, बँकेला एका नजरेत दिसतो, आणि मशीन व कार्ड दोन्ही जातात.

एकच विमान कंपनी, एकच ध्येय

पॉइंट विखुरले की कशालाच पुरत नाहीत. आधी जायचं कुठे ते ठरवा. देशातच फिरायचं असेल तर इंडिगोची ब्लूचिप ही पॉइंटांची योजना बरी. आम्हाला जर्मनीला जायचं, म्हणून मी स्टार अलायन्स ह्या विमान कंपन्यांच्या गटाच्या बाजूने गेले. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून ह्या गटात आहे, लुफ्तान्सा आणि सिंगापूर एअरलाइन्सही आहेत. गटातल्या एका कंपनीच्या पॉइंटांवर दुसरीचं तिकीट निघू शकतं. एअर इंडियाच्या योजनेचं जुनं नाव फ्लाइंग रिटर्न्स, आता महाराजा क्लब; विस्तारा ह्या विमान कंपनीचे पॉइंटही १२ नोव्हेंबर २०२४ च्या विलीनीकरणात तिकडेच गेले. आखाताच्या बाजूला नातेवाईक असतील तर एमिरेट्स-कतारचा विचार करा. अलायन्स एअर मात्र २०२२ पासून एअर इंडियापासून वेगळी आहे. जळगाव-मुंबईचं तिकीट काढताना दोघींची गल्लत करू नका.

मुदत बघा. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांनी संपतात, खात्यात हालचाल असो वा नसो. एव्हिओसचे, म्हणजे ब्रिटिश एअरवेज-कतारकडचे, ३६ महिन्यांत एकदाही हालचाल नसेल तरच संपतात. तिथे बँकेतून थोडेसे पॉइंट वळवले तरी खातं जिवंत राहतं. युनायटेडचे संपतच नाहीत.

आमच्या अमळनेरात विप्रोचा जन्म १९४५ मध्ये झाला, आणि आजोबांनी घेतलेले शेअर नातवंडांपर्यंत सांभाळलेली घरं इथे आहेत. सांभाळून ठेवण्याची ही सवय पॉइंटांना लावू नका. शेअर वाढतो, पॉइंट झिजतो. विमान कंपनी एका सकाळी तिकिटाचा पॉइंटांतला भाव वाढवते आणि तुम्हाला विचारत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली. जेटप्रिव्हिलेजचे माइल्स इंटरमाइल्स नावाने राहिले, पण ज्या विमानासाठी जमवले ते विमानच नव्हतं. तिकिटापुरते जमले की वापरून टाका.

त्याचसाठी पॉइंट बँकेतच ठेवा आणि तिकीट समोर दिसेपर्यंत विमान कंपनीकडे वळवू नका. एकदा वळवले की परत येत नाहीत. बँकेत असताना चार-पाच कंपन्या खुल्या असतात. अधूनमधून वळवण्यावर जादा पॉइंटांची सवलत येते, तिची वाट बघणं ठीक, पण तेवढ्यासाठी घाई नको.

नावाचा घोळ इथे काढून टाका. शेजारच्या काकूंचं खातं उघडायला बसलो तेव्हा तिन्ही कागद पलंगावर मांडले. आधारवर आडनाव आधी, मग त्यांचं नाव, मग काकांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि नवऱ्याचं नाव दिलेल्या नावाला जोडून. कार्डावर जागा कमी म्हणून मधलं नाव नुसतं एक अक्षर. विमान कंपनीचं खातं नेहमी पासपोर्टबरहुकूम उघडा, अक्षराला अक्षर, आणि बँकेतलं नावही तसंच करून घ्या. बँक पॉइंट वळवताना दोन्हीकडची नावं जुळवते, आणि तिकीट ज्या नावावर निघेल ते पासपोर्टशी जुळलंच पाहिजे. ही दुरुस्ती पॉइंट जमायच्या आधी करा. नंतर तिकीट समोर असतं आणि बँकेची दुरुस्ती आठवडाभर चालते.

दुसरी काळजी फोनची. "तुमचे पॉइंट आज रात्री संपणार, ह्या लिंकवर जा" असा संदेश आला की तो खोटाच समजा. लिंक उघडू नका, कुणी पाठवलेलं ॲप टाकू नका, ओटीपी कुणालाही सांगू नका. बँकेचं स्वतःचं ॲप उघडून पॉइंट बघा, तिथे मुदत लिहिलेली असते. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा आणि मग बँकेला कार्ड बंद करायला सांगा. जितक्या लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

तिकीट काढताना

पॉइंटांच्या जागा थोड्या असतात आणि बऱ्याच कंपन्या त्या जवळपास अकरा-साडेअकरा महिने आधी खुल्या करतात. मे महिना आणि दिवाळी ह्या दोन वेळी सगळ्यांनाच सुट्टी हवी असते, तेव्हा जागा मिळत नाहीत किंवा पॉइंट दुप्पट लागतात. आपल्या कामाच्या हंगामातच आपला फायदा आहे. कपाशीची वेचणी आटोपून फेब्रुवारीत निघता येतं, तेव्हा युरोपात थंडी असते पण जागाही असतात. आमचं दुकान जूनमध्ये सोडता येत नाही, म्हणून मी फेब्रुवारी-मार्चकडेच बघते. जातानाची आणि येतानाची जागा वेगवेगळी शोधा. एकाच बाजूची मिळाली तर ती पॉइंटांवर घ्या आणि दुसरीचा रोखीचा भाव बघा. मात्र एका बाजूचं रोखीचं तिकीट कधीकधी जाऊन-येऊन इतकंच महाग असतं, तेही तपासा. थोडेसेच पॉइंट कमी पडत असतील तर विमान कंपनीकडून विकत घेता येतात, महाग पडले तरी तेवढ्यापुरतं चालतं. सगळं तिकीट विकतच्या पॉइंटांवर काढू नका.

जागा दिसली की आधी ती पकडता येते का बघा, मग पॉइंट वळवा. काही ठिकाणी वळवलेले पॉइंट क्षणात पोहोचतात, काही ठिकाणी दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात जागा जाते. तिकीट बदलायला आणि रद्द करायला काय लागतं ते त्याच वेळी वाचून घ्या. पॉइंटांच्या तिकिटांचे हे नियम कंपनीगणिक वेगळे असतात.

शेवटी अमळनेर ते मुंबई. रेल्वेचं तिकीट आणि विमानाचं तिकीट ही दोन वेगळी तिकिटं आहेत. सुरतमार्गे जा की मनमाडमार्गे, गाडी उशिरा पोहोचून विमान चुकलं तर विमान कंपनीवर त्याची जबाबदारी नसते, आणि पॉइंटांच्या तिकिटाला दुसऱ्या दिवशीची जागा मिळेलच असं नाही. आदल्या दिवशी मुंबईत पोहोचा, रात्री कुणाकडे तरी मुक्काम करा, आणि विमानतळावर उड्डाणाच्या तीन-साडेतीन तास आधी हजर राहा.